केकला शीग नसते

मी एक जुना गंज आहे. लोखंडाला चढतो तो गंज नव्हे. आमच्या वऱ्हाडात मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. आणि मी जर्मनचा आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचा. जर्मनी मी पाहिलेली नाही. मी पाहिलं ते खामगाव, आणि त्यानंतरचं सारं आयुष्य साखरखेर्डा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती फिरत्या साच्यावर दाबली आणि मी तयार झालो. फार दुखलं असं सांगायला हवं, पण खरं सांगू का मित्रांनो, मला काही आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा जन्म कुठे आठवतो? मला आठवते ती खामगावच्या दुकानातली टकटक. शंकरराव नावाचे एक नवरदेव, लग्नाला जेमतेम महिना झालेला, मला विकत घ्यायला आले होते. दुकानदाराने बारीक छिन्नी घेऊन माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं : बेबीताई शंकरराव, साखरखेर्डा.

"ताई कायले घालता? बायको हाय माही," शंकरराव लाजून म्हणाले.

"गंज चाळीस वर्सं चालते, भाऊ. तोवर ताईच म्हणतीन सारे," दुकानदार म्हणाला.

तसंच झालं. मी बेबीताईंच्या घरी आलो. त्या घरात बुद्धाची तसबीर आहे, आणि तिच्या शेजारी बाबासाहेबांची. बुद्धपौर्णिमेची खीर माझ्यात झाली, चौदा एप्रिलला पाहुण्यांचं वरण माझ्यात शिजलं. लेक जन्मली तेव्हा तिच्या अंघोळीचं पाणी माझ्यातच तापलं. तिचं नाव प्रेरणा. चुलीवर माझं बूड काळं झालं, एका कडेला पोचा आला. पण कामाच्या भांड्याला पोचा आला तर त्याचं कुणी वाईट मानत नाही.

बेबीताई रामरावांच्या शेतात कामाला जायच्या. रामरावांची बायको मनकर्णाबाई. मालकीण खरी, पण कापूस वेचायला ओळीने उभी राहणारी. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी गावात सासुरवाशिणी म्हणून आलेल्या. तीस वर्षं त्यांनी शेजारशेजारच्या ओळींत कापूस वेचला. लेकरांचे ताप, नवऱ्यांचे राग, सारं एकमेकींना सांगितलं. दुपारी लिंबाखाली दोघी भाकरी सोडायच्या. मनकर्णाबाईंचा ठेचा बेबीताईंकडे यायचा. बेबीताईंचा ठेचा तिकडे कधी गेला नाही.

तुम्ही लहान आहात, म्हणून सरळ सांगतो. कुणाच्या भांड्यातलं खायचं आणि कुणाच्या नाही, हे काही घरांत अजून जातीवरून ठरलेलं असतं. पुस्तकात तसं लिहिलेलं नाही, कायद्यात तर मुळीच नाही. हाताला सवय असते, आणि हात मागे जातो. बेबीताईंना ते दिसायचं. त्या हसून दुसरं काही बोलू लागायच्या.

मग मागच्या श्रावणात रामराव वारले.

ज्या घरचं माणूस जातं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारपाजारच्या बायका भाकरी-पिठलं नेऊन देतात. बेबीताईंनी माझ्यात पिठलं रटरटवलं, वीस भाकरी थापल्या आणि मला डोक्यावर घेऊन निघाल्या. त्यांनी मला मनकर्णाबाईंच्या ओट्यावर ठेवलं. आत रडणं चाललं होतं. मी ओट्यावर थांबलो. लोक माझ्या बाजूने आत गेले, बाहेर आले. दुसऱ्यांची भांडी आत गेली. तासाभराने कुणाच्या तरी हाती मी घरी परत आलो. माझं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"लई जमा झालं होतं, बाई," आणणारी म्हणाली.

बेबीताईंनी पिठलं गाईला घातलं आणि मला घासून माळ्यावर टाकलं, तुटक्या सुपाशेजारी. त्या दिवसापासून त्या माझ्याकडे पाहीनात. मी काय केलं होतं? काही नाही. पण ज्या भांड्याने अपमान पाहिला, ते रोज डोळ्यांसमोर कसं ठेवायचं, हेही मला कळत होतं. माळ्यावर चार महिने काढले. एका पालीशी तेवढी ओळख झाली.

मला खाली काढलं प्रेरणाने. ती मेहकरला कॉलेजात जायची. मोबाइलमध्ये पाहून तिला घरी केक करायचा होता, आणि घरात ओव्हन नव्हता. तिने शेजारच्या घरकुलाच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू आणली, तीन पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली, चाळली आणि माझ्यात ओतली.

"त्याले कायले काढलं?" बेबीताईंनी विचारलं.

"बूड जाड हाय याचं. वाळू तापली की याचाच ओव्हन होते."

"वाळूत केक? तोंडात कचकच नाही होणार?"

"वाळूत नाही वं माय. वाळूवर जाळी, जाळीवर डबा, डब्यात केक."

बेबीताईंच्या चेहऱ्यावरून त्यांना काही पटलेलं दिसत नव्हतं. पण पीठ मापायची वेळ आली तशी त्यांनी वाटी लेकीच्या हातून घेतली. आणि इथेच घोटाळा झाला. आमच्याकडे माप कधी काठोकाठ भरत नाहीत. काठाच्या वर धान्याची टेकडी येऊ देतात. तिला शीग म्हणतात. शीग पुसून माप दिलं तर घरची बरकत जाते असं मानतात. बेबीताईंनी मैद्याच्या दोन्ही वाट्या शीग लावून टाकल्या, आणि वर बरकतीची म्हणून एक मूठ. पाऊण तासाने डब्यातून जे निघालं, त्याने बाभळीत खिळा ठोकता आला असता.

"आई, केकले शीग नसते," प्रेरणा म्हणाली. "केकले माप म्हंजे माप."

"मंग तो कंजूस पदार्थ हाय," बेबीताई म्हणाल्या, आणि तो केक चहात बुडवून निमूट खाल्ला.

दुसऱ्या वेळी त्यांनी वाटीवरून सुरीची पाठ फिरवली. शीग खाली पडताना त्यांचा जीव खालीवर झाला, हे मी पाहिलं. माझ्यावर झाकण पडलं. वाळू तापली. अंधारात मला वास आला, वेलची आणि दुधाचा, आणि आणखी कसला तरी, जो तीस वर्षांत माझ्यात कधी आला नव्हता. केक फुगला. मित्रांनो, भात फुगतो, पुरी फुगते, पण हे फुगणं वेगळं होतं. झोपलेलं मूल श्वास घेतं तसं, हळूहळू.

तो केक माझ्यातूनच बचत गटाच्या बैठकीला गेला. रुखमाबाईंनी तुकडा बोटाने दाबून पाहिला. "सरकी काढलेल्या कापसावानी हाय हे. गिळायचं का गादीत भरायचं?" सगळ्या हसल्या. कुणी खाल्ला, कुणी 'लेकरांसाठी नेते' म्हणून पदरात बांधला. तो लेकरांपर्यंत पोचला की नाही, ते मला ठाऊक नाही. पण मनकर्णाबाईंची सून जयमाला हिने तिथेच उभं राहून दोन तुकडे खाल्ले.

पौषात जयमाला आमच्या दारी आली. तिची लेक वंदना सात वर्षांची होणार होती.

"काकू, घरात वर्स पाळणं चालू हाय. गोडधोड नाही, तळण नाही. बाजारातून काही आणलं तर लोकं हातातला डबा पाहतात. पोरगी दोन दिवसांपासून रडून राह्यली. मी म्हणलं, केक काही सणाच्या गोडात अन् तळणात येत नाही, अन् आमच्या चुलीवरही होत नाही."

"तुही सासू खाईन का माह्या घरचं?" बेबीताईंनी विचारलं.

जयमाला खाली पाहत राहिली. "त्यायले विचारलं नाही, काकू."

ती गेल्यावर बेबीताई बराच वेळ माझ्या पोच्यावरून बोट फिरवत बसल्या. मग लेकीला म्हणाल्या, "करू. लेकराचा काय दोष. पण एक सांगून ठेवते. या बारीनं गंज भरलेला वापस आला, तर मी त्याले मोडीत देईन. अन् त्या घरची पायरी चढणार नाही. तीस वर्सं लई झाले."

मोडीत म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. पण मला माझी तेवढी भीती वाटत नव्हती. मी वितळून दुसरा गंज होईन. बेबीताईंना मात्र दुसरी मनकर्णा कुठून मिळणार होती?

त्या दिवशी बेबीताईंनी माझं झाकण एकदाही उघडलं नाही. भाजी करताना चारदा उघडून पाहणारी बाई, हात मांडीखाली दाबून बसली. केक झाला. वाळू काढून प्रेरणाने मला पुसलं, डबा माझ्यातच ठेवला आणि आम्ही तिघं निघालो.

बेबीताई ओट्याशी थांबल्या. सवयीने मला ओट्यावर ठेवायला वाकल्या. तेवढ्यात वंदना धावत आली, दोन्ही हातांनी माझे काठ धरले आणि मला उचलून उंबऱ्याच्या आत घेऊन गेली. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. अशा रीतीने, मित्रांनो, मी पहिल्यांदा त्या घरात गेलो.

मनकर्णाबाई आत बाजेवर बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. जयमालाने बेबीताईंना आत बोलावलं, तशा त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. वंदनाने केक कापला. पहिला तुकडा आजीच्या हातावर ठेवला. मनकर्णाबाईंनी तो तोंडाशी नेला नाही. हातावर तसाच राहू दिला.

"याच्यात अंडं हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही. दही हाय."

"मंग फुगला कसा?"

"झाकण उघडलं नाही म्हणून."

मग मनकर्णाबाई म्हणाल्या, "बेबी, त्या दिवशी गंज वापस म्याच पाठवला होता. दुसऱ्या कोणी नाही. चार सोयरे बसले होते समोर. मी भेली त्यायले."

"मले ठाव हाय," बेबीताई म्हणाल्या. "मी ओट्याखालीच उभी होती. तुहा आवाज ऐकला म्या, मंग घरी गेली."

एवढं बोलून त्या वळल्या आणि घरी निघून गेल्या. तुकडा मनकर्णाबाईंच्या हातावरच होता.

पुढचं बेबीताईंनी पाहिलं नाही, मी पाहिलं. सगळे उठून गेल्यावर मनकर्णाबाईंनी तो तुकडा खाल्ला. आधी कोपरा, मग उरलेला. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या चावत होत्या. मग त्यांनी डब्याच्या तळाला चिकटलेली खरपुडी नखाने काढून खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोरीवर नेलं, राख घेतली आणि घासायला बसल्या.

"आई, द्या इकडं, मी घासते," जयमाला म्हणाली.

"राहू दे. हे माहं काम हाय."

तीस वर्षांची काजळी होती माझ्या बुडाला. वाळूच्या धगीने ती आणखी घट्ट झालेली. त्यांच्या हातांत बांगड्या नव्हत्या, त्यामुळे आवाज फक्त राखेचा येत होता. दुपार होईपर्यंत त्या घासत होत्या. काठावरचं नाव आलं तेव्हा त्यांचा हात हळू झाला. एकेका ठिपक्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

तिकडे बेबीताईंच्या घरी दोन दिवस कुणीच माझा विषय काढला नव्हता, असं मला नंतर प्रेरणाच्या बोलण्यातून कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाईंनी मला कमरेवर घेतलं. रामराव गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. वर्ष होईपर्यंत पडायचंही नसतं. रस्त्यावरच्या दोघीतिघी थांबून पाहू लागल्या. त्या चालत राहिल्या आणि थेट बेबीताईंच्या चुलीपाशी येऊन त्यांनी मला खाली ठेवलं.

मी भरलेला होतो. केकने नाही. यंदाच्या नव्या तुरीने, आणि काठाच्या वर उंच शीग. चालताना चार दाणे वाटेत सांडले असतील तेवढेच.

"एवढी कायले, काकू?" प्रेरणा म्हणाली.

"केकले नसन शीग. माह्या घरून माप शीग सोडून जात नाही." मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या. "अन् बेबी, साखर जरा जास्त झाली होती त्याच्यात."

बेबीताईंनी तोंडाला पदर लावला. तीस वर्षांत त्यांच्या स्वयंपाकाला त्या बाईने पहिल्यांदाच नावं ठेवली होती. मग त्यांनी चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं.

मी अजून मोडीत गेलेलो नाही. आता महिन्यातून दोनदा माझ्यात वाळू तापते. माझं बूड पुन्हा काळं होतंय. पण आतून मी तेव्हापासून चकचकीत आहे, असं मला वाटतं.

मित्रांनो, माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. आमच्यासारखी जुनी भांडी पोचा आला म्हणून टाकू नका. घासून ठेवा, अजून पुष्कळ नवे वास आमच्यात मावतील. आणि कधी कुणाच्या घरचं भांडं तुमच्या ओट्याशी आलं, तर त्याला तिथे थांबवू नका. मोठ्यांची वाट न पाहता वंदनासारखं दोन्ही हातांनी उचला. झाकणाखाली कुणाचं तरी मन वाट पाहत असतं. ओट्यावर ते फार लवकर थंड होतं.