गच्ची वापरात नाही

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मोबाइल टॉवरच्या लहरी मोजणारे परमारसाहेब वढवाणच्या आमच्या शेरीत आले. वजुभाईंची सतरा वर्षांची ध्रुवी रक्ताच्या कर्करोगाने गेली, त्याला त्या दिवशी त्रेचाळीस दिवस झाले होते. मोजणीसाठी अर्ज तिच्या आईने, जशुबेनने केला होता.

टॉवर समोरच्या मुक्ताबेनच्या घरावर आहे. मध्ये फक्त शेरीची अरुंद गल्ली. जशुबेनच्या गच्चीच्या त्या बाजूच्या कोपऱ्यात वारा चांगला लागतो, म्हणून सहा उन्हाळे तिने ध्रुवीची खाट तिथेच टाकली. अहमदाबादच्या डॉक्टरांना तिने एवढंच विचारलं होतं, त्या कोपऱ्यामुळे झालं का? "बेन, ते कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. मग निदान त्या कोपऱ्यात लहरी किती होत्या, तो आकडा तिला हवा होता.

सरकारी माणूस घरी येणार, म्हणून आदल्या दिवसापासून तिची साफसफाई चालली होती. सकाळी गच्चीही धुतली. खाट खाली आणून मागच्या खोलीत उभी केली, गोधड्या कपाटात टाकल्या.

साहेबांनी गाठियांना हात लावला नाही, ताक घेतलं. यंत्र पुढच्या खोलीत धरलं, मग शेरीत. मुक्ताबेन ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"आम्ही चौघं त्याच्या बुडाशीच झोपतो, साहेब. आम्हाला शिंकसुद्धा नाही. आणि तो काढलात तर दुबईच्या जावयाशी मी काय पिंपळावर चढून बोलू?"

साहेब हसले नाहीत. आत येऊन त्यांनी विचारलं, "वर कुणी राहतं?"

"नाही साहेब," वजुभाई चटकन म्हणाले. घरात कूलर नाही म्हणून तरणी मुलगी उघड्यावर झोपायची, हे परक्यासमोर त्यांच्या तोंडून निघेना. "गच्ची मोकळीच असते."

जशुबेन तेव्हा स्वयंपाकघरात दुसरा पेला भरत होती. साहेबांनी जिन्याच्या दारातूनच धुतलेली, रिकामी फरशी पाहिली आणि ते खाली उतरले.

अकराव्या दिवशी अहवाल आला. दोन्ही ठिकाणचे आकडे मर्यादेच्या पुष्कळ खाली. शेवटची ओळ, 'गच्ची वापरात नाही, म्हणून तिथे मोजणी केली नाही,' तिने नवऱ्याला दोनदा वाचायला लावली.

"वापरात नाही म्हणजे?"

"वर कुणी झोपत नाही."

"असं कोण म्हणालं?"

वजुभाई कागदाची घडी घालत राहिले.

"तुम्ही म्हणालात?"

"मी म्हणालो. आणि धुऊन कुणी ठेवली होती?"

शब्द निघून गेल्यावर त्यांनी कपाळ धरलं. जशुबेनने त्यांचं ताट वाढलं, स्वतःचं वाढलं नाही.

दुसरा अर्ज वजुभाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला. "आमच्या घरात कूलर नाही. आमची मुलगी सहा उन्हाळे गच्चीच्या कोपऱ्यात झोपत होती. मी साहेबांना खोटं सांगितलं. तिथे मोजावं." खाली दोघांच्या सह्या.

अर्ज पोचल्याची पावती एकवीस जूनची आहे. परमारसाहेबांची त्याच आठवड्यात भूजला बदली झाली. गेल्या गुरुवारी वजुभाई कार्यालयात गेले, तेव्हा साहेबांच्या जागी कुणी आलेलं नव्हतं.