सोमेश्वरनं फिल्टर बदलला

शिवकन्येच्या नवऱ्याला यंत्रातलं कळतं, असं गावात एकाच माणसाला वाटायचं आणि तो माणूस म्हणजे स्वतः सोमेश्वर. मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले की त्याच्या हातात पाना यायचा आणि पाना आला की घरातली एखादी चालू वस्तू बंद पडायची. मिक्सर गेला. विहिरीवरची मोटर गेली. मोटरीच्या वेळी तर ‘कंपनीनंच जोडणी चुकवली’ असं त्यानं बापाला तोंड वर करून सांगितलं. शिवकन्या तेव्हा गप्प बसली, कारण मोटर सासऱ्यांची होती.

मोटरसायकल मात्र तिची होती. ती पशुसखी. जवळा बाजारच्या आसपासच्या आठ गावांत शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, हे तिचं काम. बाई गियरची गाडी चालवते म्हणून पहिल्या वर्षी लोक ओट्यावर उभं राहून बघायचे. दुसऱ्या वर्षी कुणी मानही वळवेना. गाडी जुनी, शंभर सीसीची, पण पाच वर्षांत तिनं शिवकन्येला एकदाही वाटेत उतरवलं नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी ती कपडे वाळत घालून अंगणात आली, तर गाडीच्या कुशीतली एअर फिल्टरची काळी पेटी गायब होती आणि तिच्या जागी लालभडक भोंग्यासारखं काहीतरी बाहेर डोकावत होतं.

“हे काय लावलंय?”

“कोन फिल्टर,” सोमेश्वर हात पुसत म्हणाला. “रेसिंगवाले हेच वापरतात. आतापर्यंत तुझी गाडी नाकाला फडकं बांधून पळत व्हती. आता भरपूर हवा घेईल. पिकअप बघ उद्या.”

“मला इचारलं व्हतं का?”

“विचारायचं काय त्यात? चांगलंच करून राहिलो ना.”

“हवा वाढवली तर कार्बोरेटर जुळवावं लागतं म्हणं. गॅरेजवाले ग्यानोबामामा मागं एकाला सांगत व्हते.”

सोमेश्वर हसला. व्याख्यान सुरू करण्याआधी तो असाच हसायचा. “अगं, ट्युनिंग-बिनिंग हे मिस्त्री लोकांचं ढोंग हाय. व्हिडिओवाल्यानं बराबर सांगितलं. लावा आणि पळवा, बास.”

“त्या व्हिडिओवाल्यानं माझी गाडी पाह्यली का?”

सोमेश्वरनं सरळ गाडी चालू केली. आवाज असा निघाला की शेजारच्या म्हशीनं दाव्याला हिसका दिला. “ऐक!” सोमेश्वर ओरडला. “ऐक, इंजिन कसं मोकळं झालं!”

इंजिनाचं माहीत नाही, पण डोकं मोकळं असलेला माणूस समोर उभा आहे, एवढं शिवकन्येला दिसलं. जुनी पेटी परत बसवा म्हणून ती हटून बसली, तेव्हा कळलं की ती सकाळीच भंगारवाल्याच्या गाड्यावर गेली होती.

दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. पंचफुलाबाईच्या वाड्यावर त्रेचाळीस शेळ्या होत्या. वाडा म्हणजे माळावर बोराटीचं कुंपण आणि पत्र्याचं छप्पर. लस बर्फाच्या डब्यात घेऊन शिवकन्या सकाळीच निघाली. सगळीकडे सोयाबीनच्या मळण्या चालल्या होत्या आणि रस्ता धुळीनं पिवळा पडला होता. ती सगळी धूळ त्या लाल भोंग्याच्या तोंडापुढून जात होती.

सपाटीवर गाडी नुसतीच ओरडत होती. चढ लागला तशी हिसके द्यायला लागली. मूठ पिळली की पळायच्या ऐवजी धाप टाकायची, मूठ सोडली की मागून फटाका फुटल्यासारखा आवाज यायचा. अर्ध्या चढावर ती बंद पडली. शिवकन्येनं किका मारमारून पाहिल्या, शेवटी वैतागून चोक ओढला. गाडी लगेच चालू झाली. चोक सोडला, मेली. पुन्हा ओढला, पुन्हा चालू.

चोक हवा अडवतो, एवढं तिला माहीत होतं. म्हणजे हवा कमी केली की गाडी जगते. नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं जे जास्त दिलं होतं, तेच गाडीच्या जिवावर उठलं होतं. हे कळायला तिला व्हिडिओ लागला नाही.

अर्धा चोक ओढून, चारदा बंद पडून, इंजिन गार होईस्तोवर बाभळीखाली थांबून ती वाड्यावर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. डबा उघडला. बर्फाचं कोमट पाणी झालं होतं आणि लसीच्या बाटल्या त्यात तरंगत होत्या. अशी लस टोचणं म्हणजे शेळीला उगाच भोक पाडणं. तिनं डबा मिटला.

“पहाटेपासून कोंडून ठेवलीत जितराबं,” पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “उपाशी हायेत. आन् तू आता म्हणती लस खराब झाली?”

“गाडीनं तकलीफ दिली, मावशी.”

“काहून? चांगली तर व्हती गाडी.”

“मालकांनी सुधारली.”

पंचफुलाबाईनं हे ऐकून घेतलं, मान हलवली आणि शेळ्या सोडल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा शिवकन्या काम न करता परतली. राग तर होताच, पण आपल्या शब्दावर त्या बाईनं जनावरं कोंडली होती, ही लाज त्याहून जास्त झोंबत होती.

घरी सोमेश्वर म्हणाला, “लस खराब निघाली, त्यात फिल्टरचा काय संबंध?”

तिनं गाडी बाहेर काढली. त्याला मागं बसवलं आणि चोक ओढून गाडी जवळा बाजारला ग्यानोबाच्या गॅरेजवर नेली. गॅरेज म्हणजे लिंबाखालची एक टपरी. ग्यानोबानं लाल भोंगा पाहिला, सोमेश्वरकडे पाहिलं आणि न विचारता प्लग खोलला. त्याचं टोक खडूसारखं पांढरं पडलं होतं.

“हे विटकरी पाहिजे,” तो शिवकन्येला म्हणाला. “पांढरं म्हंजी हवा लई आन् पेट्रोल कमी. आणखी महिनाभर पळवली असती तर पिस्टन गेला असता.”

“पण व्हिडिओत—” सोमेश्वरनं मोबाईल काढला.

“ठिवा तो खिशात. त्या गाडीला कॉम्प्युटर असंल, हवा किती आली ते बघून थोडंफार पेट्रोल तीच वाढवती. तिलाबी मर्यादा हाय. ह्या बिचारीला कार्बोरेटर हाय. त्यातलं जेट, म्हंजी पेट्रोलची तोटी, जेवढ्या भोकाचं, तेवढंच पेट्रोल.” मग तो पुन्हा शिवकन्येकडे वळला. “गाडी तुझी हाय, बाई, तूच सांग. मोठं जेट टाकून ह्या भोंग्याला जुळवू, का पेटी बसवू? जुळवता येतं. दोन-तीनदा जेट बदलून, पळवून, प्लग बघावा लागंल. पण मळणीची धूळ हा भोंगा अडवणार न्हाई.”

“अन् चांगल्या प्रतीचा फिल्टर पेटीतच टाकला तर?”

“पेटी तीच असली तर फरक थोडा पडतो. बहुतेक जेटला हात लावायचं काम न्हाई. तरी मी प्लग बघून देईन.”

“मग पेटीच बसवा.”

“मी तेच म्हणून राहिलो व्हतो,” सोमेश्वर म्हणाला.

ग्यानोबानं पाना खाली ठेवला, त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि पुन्हा कामाला लागला. एका मोडीत निघालेल्या गाडीची पेटी त्याच्याकडे होती. ती साफ केली, नवा फिल्टर घातला, शिवकन्येला चढावर एक फेरी मारून यायला लावलं आणि प्लग परत खोलून दाखवला. रंग धरायला लागला होता.

गुरुवारी नवी लस आली. शेळ्या धरायला माणूस लागतो म्हणून शिवकन्येनं सोमेश्वरला बरोबर घेतलं. चढ गाडीनं दोघांना घेऊन एका दमात काढला.

“हेच का ते सुधारणारे?” पंचफुलाबाईनं विचारलं.

“व्हय, मावशी.”

“धर म्हणावं त्या बोकडाला. बगू, त्याला किती सुधारतो.”

बोकडानं सोमेश्वरला कुंपणापर्यंत ओढत नेलं, काट्यात पाडलं आणि वर त्याच्या सदऱ्याची बाही चावली. पंचफुलाबाई हसली नाही, फक्त पुढची शेळी दाखवत राहिली. दुपारच्या आत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस टोचून झाल्या. शेवटी चहा पिताना सोमेश्वर म्हातारीला हवा आणि पेट्रोलचं गणित समजावू लागला. प्लग विटकरी का पाहिजे, जेट म्हणजे काय, सगळं ग्यानोबाच्याच शब्दांत आणि सगळं स्वतःच्या नावावर. शिवकन्या कपाच्या कडेवरून त्याच्याकडे बघत राहिली. एवढा निर्लज्जपणा माणसात येतो कुठून, याचं तिला खरोखर कुतूहल वाटलं.

उताराला लागल्यावर तो मागून कानाशी म्हणाला, “एक सांगू? ह्या गाडीला खरी अडचण सायलेन्सरची हाय. काल एक व्हिडिओ—”

शिवकन्येनं ब्रेक दाबला. “उतरा.”

“काय झालं? बंद पडली का?” तो घाईनं उतरला आणि इंजिनकडे वाकला. “थांब, मी बघतो.”

गाडी सुरूच होती. तिनं गियर टाकला. फाट्यापर्यंत दोन कोस रस्ता होता, सावली कुठंच नव्हती आणि पुढच्या गावात तिला अजून सतरा शेळ्या टोचायच्या होत्या.