दुपारचा नकाशा

दुपारचे दोन वाजले की समता कॉलोनीतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबचं नेटवर्क मान टाकायचं. खाली काउंटरवरून निधी ओरडायची, "दीदी, रिपोर्ट फिर अटक गई!" आणि वरच्या मजल्यावर नेटवर्क सांभाळणारी दीक्षा दात-ओठ खात सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायची. घटकाभर चालायचं, पुन्हा अडकायचं. तोवर पेशंट निधीचं डोकं खायचे आणि निधी दीक्षाचं. शनिवारपर्यंत हे थांबलं नाही तर नेटवर्कचं काम बाहेरच्या माणसांना देऊ, असं लॅबच्या डॉक्टर मॅडमनी दीक्षाला तोंडावर सांगून टाकलं होतं.

मॅनेजर गुलाबरावांनी उपाय काढला. नेटवर्कवर कोणकोणती यंत्रं आहेत ते शोधून दाखवणारी साधनं फुकट मिळतात. त्यातलं चांगलं निवड, म्हणाले. दीक्षाने तीन उतरवून घेतली. झेनमॅप वर्तुळांचा देखणा नकाशा काढायचं. अँग्री आयपी स्कॅनर रंगीत ठिपक्यांची यादी द्यायचं. आर्प-स्कॅन काळ्या पडद्यावर नुसत्या ओळी टाकायचं.

"पण सकाळीच चालवजो," गुलाबराव म्हणाले. "लॅब उघडायच्या आधी. मशीन चालू असताना छेडखानी नाही पाहिजे."

"सर, बिघाड दुपारी होतो. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार?"

"फिजिक्सवाली हायेस ना, म्हणून बोलून राहिली. सकाळी म्हटलं ना?"

सकाळी तिन्हींनी एकच सांगितलं : सगळं ठीक आहे. गुलाबरावांना वर्तुळं भलतीच आवडली. त्यांनी त्या नकाशाचा फ्लेक्स छापून आणला आणि रिसेप्शनमध्ये, पिण्याच्या पाण्याच्या कूलरवर टांगला.

"सर, यावर आपल्या सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता आहे," दीक्षा कशीबशी म्हणाली. "असा सगळ्यांसमोर लावतात का?"

"मग? पेशंटले भरोसा वाटते. आणि पाय बरं, कुठी हाये गडबड?"

वर जाऊन तिने रिकामी बाटली टेबलावर इतक्या जोरात आपटली की तिचं झाकण उडालं.

शुक्रवारी दुपारी निधीची हाक आली, तेव्हा दीक्षाने सर्व्हरला हात लावला नाही. कोणाला न विचारता तिने तिन्ही साधनं चालवली. झेनमॅपने तीच वर्तुळं काढली, हुबेहूब फ्लेक्ससारखी. ठिपकेही तेच. तिला रडू फुटायचं तेवढं राहिलं. मग काळ्या पडद्यावर ओळी आल्या, आणि सर्व्हरचा पत्ता दोनदा आला.

एकाच पत्त्यावर दोन यंत्रं. नकाशात एका पत्त्याला एकच वर्तुळ मिळतं, म्हणून दुसरं त्याच्याआड लपलं होतं. रिपोर्ट कधी सर्व्हरकडे जात होते, कधी त्या दुसऱ्याकडे, आणि तिथे गेलेला रिपोर्ट परत येत नव्हता. ओळीच्या शेवटी त्याच्या कंपनीचं नाव होतं. घरगुती राउटर बनवणारी कंपनी. असे राउटर कारखान्यातूनच ठरावीक पत्ता घेऊन येतात, आणि नेमका तोच लॅबच्या सर्व्हरला दिलेला होता.

पण तो होता कुठे? तिने फोनवर वायफायची यादी उघडली. समता कॉलोनीत दवाखान्यांना घरं चिकटलेली. यादीत कायम शेजारपाजारची नावं. त्यात 'गुलाब निवास' रोज दुपारी दिसायचं. मागचा एखादा बंगला असेल, असं ती इतके महिने समजत आली होती.

जिना उतरताना ते नाव फोनवर अधिकच ठळक होत गेलं. ती मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली.

"सर, तुमच्या घराचं नाव काय?"

"गुलाब निवास. काहून वो?"

टेबलामागे, खिडकीच्या कट्ट्यावर राउटर दिवे मिचकावत बसला होता.

"हा इथे कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून. घरी नवा घेतला. हा चांगला हाये, फेकू का? इथं मोबाइलले रेंज नाही, म्हणून भिंतीतला वायर त्याले लावला. आपली बिजली पण वाया जात नाही बरं! दुपारी दोनले आलो की चालू करतो, जाताना बटन बंद."

दीक्षाने वायर खेचली. थोड्या वेळाने बाहेर प्रिंटर कुरकुरला आणि मग थांबेचना. "दीदी, आ गई! सब की सब आ गई!"

"अरे, माह्या मोबाइलचं नेट गेलं!" गुलाबराव म्हणाले. मग तिच्या मागोमाग रिसेप्शनमध्ये आले आणि फ्लेक्ससमोर डोळे बारीक करून उभे राहिले. "यात तर हा दिसतच नाही."

"दुपारी काढला असता तरी दिसला नसता. तिसऱ्यात दिसला."

"काळ्यावाल्यात? मग त्याचं चित्र काढून दे. मोठं. हा फ्लेक्स काढून थो लावू."

"त्यात चित्र निघत नाही, सर."

"घ्या! मग डॉक्टर मॅडमले काय दाखवू?"

दीक्षा केबिनमध्ये गेली, राउटर उचलला, त्याला त्याचीच वायर गुंडाळली आणि आणून गुलाबरावांच्या हातात ठेवला.

"हा दाखवा."