आत्याची कानातली

"आता येतंय का?"

"तुझंच येतंय, कॉम्प्युटरचं नाही. आणि ओरडू नकोस गं, मी बहिरी आहे, लांब नाही."

ऐका ना, म्हणजे बघा, मी आत्याच्या टेबलाखाली गुडघ्यांवर, केसांत जळमटं, वायरींचा नुसता गुंता, आणि वर आत्या खुर्चीत अशी ताठ बसलेली, जणू कुणी फोटो काढतंय. समोर फोनचे लाल दिवे लुकलुकतायत. आणि काचेपलीकडून साहेब दर मिनिटाला मान वर करून बघतायत. मला तर घामच फुटला होता.

आत्या टॅक्सीच्या बुकिंग ऑफिसात फोन घेते, हे तुम्हाला माहितीये. माझ्या जन्माच्या आधीपासून घेते. माणूस नुसतं 'हॅलो' म्हणाला की हिला कळतं, हा कोण, कुठे राहतो, आज घाईत आहे की बायकोशी भांडून निघालाय. पण दोनेक वर्षांत काय झालं, तिचे बारीक आवाज गेले. म्हणजे आवाज येतो, पण त्यातला स, श, फ गळून पडतो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर आलेख काढून दाखवला होता, की मोठं ऐकू येणं वेगळं आणि स्पष्ट ऐकू येणं वेगळं. आत्या काय करायची, हेडफोनचा आवाज वाढवायची. मग स नसलेलंच वाक्य जोरजोरात यायचं!

आणि त्यातून झाला तो घोळ. एका माणसाने फोन केला, "साठ नंबरचं घर, स्टेशनला जायचंय, लवकर पाठवा." आत्याला ऐकू आलं 'आठ'. मिशी गेला आठ नंबरला. मिशी म्हणजे ड्रायव्हर हो, आधी मिशी दिसते, मग तो. तर आठ नंबरच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. मिशी म्हणाला, "टॅक्सी." ते उठले आणि बसले आत! "स्टेशन ना?" "चला, स्टेशन तर स्टेशन. घरी बसून कंटाळाच आला होता." आणि इकडे साठ नंबरवाल्याची गाडी चुकली. तो ऑफिसात येऊन असा तापला, असा तापला, की आत्याच काय, अख्ख्या गल्लीला ऐकू आलं.

साहेब वाईट नाहीत हं. हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही काही पहिली वेळ नाही. मागच्या खोलीत बसा, गाड्यांच्या चाव्या सांभाळा. पगार तोच राहील." आत्या घरी आली, पर्स ठेवली आणि माझ्या बाबांना म्हणाली, "दादा, चाव्या बोलत नाहीत रे."

बाबा उठून आत गेले. मला तर पाणीच आलं डोळ्यांत.

मग मशीनं आली, दोन्ही कानांसाठी. मिशी म्हणाला, "ताई, नवीन कानातली?" आत्या म्हणाली, "हो, आणि बोलतात पण." सगळे हसले. पण हेडफोन त्यावर चढवला की अशी शिट्टी वाजायची, की ड्रायव्हर बाहेर बघायचे, कोणी बोलावलं का म्हणून. आणि मशीन काढून हेडफोन लावला की परत साठचे आठ. साहेब म्हणाले, "आजचा दिवस बघतो. एक पत्ता चुकला, तर उद्यापासून चाव्या."

म्हणून मी टेबलाखाली होते! हिच्या मशीनमध्ये ब्लूटूथ आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर येणाऱ्या फोनचा आवाज थेट कानात येऊ शकतो, मध्ये हेडफोनच नको. पण ऑफिसचा कॉम्प्युटर आजोबांच्या वयाचा. त्याला नखाएवढं ब्लूटूथचं बटण मागून खोचलं. स्क्रीनवर आलं, 'जोडले गेले'. आणि आवाज? शून्य.

"अगं, मला गाणं ऐकू येतंय," आत्या अचानक म्हणाली.

"कुठलं गाणं? मी काही लावलंच नाहीये!"

पर्समध्ये हिचा मोबाईल! त्यात आपोआप काहीतरी सुरू झालेलं, आणि मशीनं लब्बाड, ओळखीचा मोबाईल दिसल्यावर त्यालाच चिकटून बसलेली. मोबाईलचं ब्लूटूथ बंद केलं, कॉम्प्युटरला सांगितलं की बाबा रे, आवाज स्पीकरला नाही, आत्याच्या कानात सोड, आणि बोलायला टेबलावरचा जुना माईकच राहू दे. मग कोपऱ्यात जाऊन मी माझ्या फोनवरून ऑफिसच्या नंबरवर तिला फोन लावला, तोंडावर हात ठेवून, अगदी हळू. "साठ नंबर, सफेद फाटक, शाळेशेजारी."

आत्याने कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं, गेलं सगळं.

मग म्हणाली, "तुला सर्दी झालीये का गं?"

मी उडीच मारली!

त्यानंतर आत्या सुटलीच. एकामागून एक फोन, एकही पत्ता परत विचारला नाही. दुपारी ती चहा घ्यायला मागच्या कोपऱ्यात गेली, मी पण गेले. तेवढ्यात साहेब धावत आले आणि आत्याच्या खुर्चीत बसले. मालकीणबाईंचा व्हिडिओ कॉल! त्या दुसऱ्या गावी राहतात, आणि ऑफिसात कॅमेरा आत्याच्याच कॉम्प्युटरला आहे.

"हॅलो मॅडम? हॅलो? आवाज येत नाहीये! मॅडम, तुमचे ओठ हलतायत फक्त!"

आवाज कसा येणार? आवाज आत्याच्या कानात! मी कप ठेवून पळणार होते, आत्याने माझा हात धरला. डोळे असे बारीक केले, आणि कप घेऊन सावकाश साहेबांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"साहेब, मॅडम विचारतायत, टायर आले का."

साहेब वळले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मॅडमनीच. किती आले म्हणतायत. साठ मागवले होते. साठ, सहावर शून्य."

साहेबांनी आत्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, परत आत्याकडे. "आ... आले मॅडम. साठ." मॅडमनी तिकडे मान डोलावली. दारात मिशी आणि अजून दोघं ड्रायव्हर येऊन उभे. पुढचे दोन प्रश्न असेच. मॅडम बोलायच्या, आत्या सांगायची, साहेब उत्तर द्यायचे. मला हसू आवरेना, मी ओढणी तोंडात कोंबली.

आणि मग मॅडम काहीतरी लांबलचक बोलल्या.

"काय म्हणाल्या?" साहेब.

आत्याने कप टेबलावर ठेवला. मला वाटलं, ही आता म्हणेल, नीट ऐकू नाही आलं. म्हणू शकली असती हो! कुणाला कळणार होतं?

"मॅडम विचारतायत," आत्या अगदी त्याच आवाजात म्हणाली, "फोनवरच्या बाईंना ऐकू येत नाही म्हणाला होतात, त्यांचं काय ठरवलं?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी घसा खाकरला, शर्टाची कॉलर नीट केली आणि स्क्रीनकडे बघून म्हणाले, "मॅडम, सध्या तरी त्यांनाच ऐकू येतंय. मला नाही."

मिशीने जी शिट्टी मारली! आत्या म्हणाली, "मॅडम हसतायत. म्हणतायत, मग चाव्यांकडे दुसरं कुणीतरी बघा."

कॉल संपला. साहेब उठले, खुर्ची आत्यासाठी मागे ओढली, आणि आपल्या काचेआड जाऊन फायली उलट्यापालट्या करायला लागले. मला वाटलं, आत्या आता नाचेल, निदान मिशीला टाळी तरी देईल. पण लगेच फोन वाजला.

"बोला... हो आजी, सात वाजता दवाखाना, सांगते गाडीला." मग ती थांबली. मान जरा तिरकी केली. "आजी, तुमच्या मागे नळ वाहतोय. हो हो, तुमच्याच घरात. जा, बंद करून या. नाही, फोन ठेवू नका, मी आहे."

मी काहीतरी विचारणार होते, तिने बोट वर केलं. डोळे मिटून बसली. बाकीचे लाल दिवे लुकलुकत होते, ड्रायव्हर दारात उभे होते.

"स्लिपर, आजींच्या," ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली. मग बराच वेळ गेल्यावर, "नळ बंद झाला."