मानेला हात लावायचा नाही

मी मणके बसवणाऱ्या सरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसते. पाटीवर ‘कायरोप्रॅक्टर’ असं लांबलचक लिहिलंय, पण लोक फोनवर “ते कटकन मोडणारे डॉक्टर का?” असंच विचारतात. हो, तेच, म्हणते मी. नऊ वर्षं झाली.

खोटं कशाला बोलू, माझी कंबर इथंच बरी झाली. दोन महिने मला वाकून चप्पल घालता येत नव्हती. सरांनी सहा वेळा दाबलं, वळवलं, घरी करायला व्यायाम दिले आणि मी तुरुतुरु चालायला लागले. दाबण्यानं बरी झाले, व्यायामानं की आपोआप, ते मी कधी विचारलं नाही. त्यानंतर भेटेल त्याला “आमच्याकडे या” म्हणत सुटले. माझ्या दादालाही मीच ओढून आणलं.

दादा रंगारी आहे. छत रंगवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्याची कंबर धरली होती, ती चार खेपांत सुटली. मग दहा दिवसांपूर्वी तो सरांना म्हणाला, “वर बघून बघून मान आखडलीय, जाता जाता तीही बघा की.” सरांनी दोन्ही हातांत डोकं धरून झटका दिला. कट्! आवाज बाहेर मला ऐकू आला. दादा हसत बाहेर आला आणि म्हणाला, “छोटे, मान नवीकोरी झाली गं!”

आता माझ्या कामाचं सांगते, कारण ते लपवून चालणार नाही. प्रत्येक पेशंटचा दर खेपेला फॉर्म भरायचा असतो. अकरा प्रश्न. नवा माणूस असला की मी विचारते. नेहमीचा असला की अकरा रेघांवरून एकच तिरका शब्द ओढते, ‘मागीलप्रमाणे’, आणि सही घेते. ही युक्ती माझीच. सर तो कागद बघतात आणि कामाला लागतात. “तू आहेस म्हणून रांग लवकर सरकते,” असं ते एकदा म्हणाले तेव्हा मी केवढी फुलले होते!

मंगळवारी दादा परत आला. मी ‘मागीलप्रमाणे’ लिहिलं, त्यानं सही केली. सरांनी आत बोलावलं तसा तो उठला आणि मला त्याचा चेहरा नीट दिसला. डावी पापणी अर्धी खाली आली होती.

“डोळ्याला काय झालं रे?”

“रंग उडाला असेल. काय सारखं कौतुक चालवलंयस!”

तो आत गेला, पण भिंतीला हात लावत गेला. हा माणूस शिडीवर एका पायावर उभा राहून गप्पा मारतो. मी फॉर्म पुढ्यात ओढला आणि माझ्याच शब्दाखाली काय छापलंय ते कित्येक वर्षांनी वाचलं. चक्कर येते का? तोल जातो का? एकाचे दोन दिसतात का? पापणी पडली आहे का? मान कधी नव्हे अशी दुखते आहे का? आणि शेवटी जाड अक्षरात: यापैकी एकही उत्तर ‘हो’ असेल तर मानेला हात लावायचा नाही.

मी दार न वाजवताच आत घुसले. दादा उताणा पडला होता आणि सरांचे दोन्ही हात त्याच्या हनुवटीखाली होते.

“सर, हात काढा.”

“काय चाललंय हे? बाहेर जा आधी.”

“हात काढा म्हणते ना! पापणी बघा त्याची. फॉर्म मी न विचारता भरलाय.”

“वेड लागलंय का तुला? उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येत. आधी हात काढा!”

त्यांनी काढले. पापणी पाहिली मात्र, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दादा कुरकुरत होता, “अगं, एकदा मोडू दे, मोकळं वाटेल.” मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

मानेतली एक रक्तवाहिनी आतून फाटली होती. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. तिथं रक्ताची गाठ धरली होती, ती सुटून मेंदूत गेली असती तर अर्धं अंग गेलं असतं. औषध सुरू झालं. जीव भांड्यात पडतोय तोवर माझा फोन वाजला.

सर होते. “वेळेवर नेलंस, बरं झालं. नोकरीचं मनावर घेऊ नकोस. फक्त मागच्या खेपेचं तिथं काढू नकोस. दवाखान्याचं नाव उगाच खराब होईल.”

मी फोन ठेवला आणि दादाच्या खाटेशी गेले. “खरं सांग. हे कधीपासून दुखतंय?”

तो छताकडे बघत राहिला. “मागच्या वेळी मान मोडली ना, त्याच संध्याकाळपासून.”

“दहा दिवस? आणि बोलला नाहीस?”

“तू एवढ्या अभिमानानं नेलं होतंस मला. म्हटलं, तुला वाईट वाटेल. दुसऱ्यांदा मोडली की जाईल आपोआप.”

मला रडू आलं आणि त्याचा भयंकर रागही आला. त्याच्यापेक्षा माझा जास्त आला. मान पहिल्यांदा मोडली त्याही दिवशी मी ‘मागीलप्रमाणे’च लिहिलं होतं. मी डोळे पुसले आणि तडक डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी गेले.

“दहा दिवसांपूर्वी याची मान झटका देऊन वळवली होती. दुखणं त्याच संध्याकाळी सुरू झालं.”

त्यांनी पेन उचललं. “असं कधीकधी होतं. पण झटक्यानं फाटली की आधीच फाटत आली होती म्हणून मान आखडली, हे आता छातीठोक सांगता येणार नाही.”

“नसेल येत. तुम्ही लिहून घ्या.”

“कुठं वळवली?”

मी दवाखान्याचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला.

“आधी काही त्रास होता का, हे त्यांना तिथं कुणी विचारलं होतं?”

“नाही,” मी म्हणाले. “विचारायचं काम माझं होतं. मी त्याची सख्खी बहीण. तेही लिहा.”