माझे कोरडे टोक

बालमित्रांनो, मी एक जुना खाकी पटका आहे. वळसंगच्या कोंडीबाच्या घरात खुंटीवर असतो. माझा जन्म सोलापुरात एका हातमागावर झाला. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. पलटणीत गेल्यावर मला खाकी रंग चढला. मी डोक्यावर बसलो की कोंडीबा रुबाबदार दिसे, आणि खोटे कशाला बोलू, मला त्याचा ताठा होता.

चौदा सालच्या मोठ्या लढाईत कोंडीबा आणि गावचाच शिवप्पा फ्रान्सकडे गेले. तिथे एके दिवशी शत्रूकडून पिवळट हिरवा विषारी धूर आला. त्याला ना गोळी लागे ना संगीन. तोंडाला ओले फडके लावा, असा हुकूम झाला. कोंडीबाने बाटलीत होते नव्हते तेवढे पाणी माझ्या एका टोकावर ओतले व ते नाकाशी धरले. शिवप्पाने आपला पटका आदल्या दिवशी एका जखमी शिपायाच्या पायाला बांधला होता. त्याने माझे दुसरे टोक तोंडात कोंबले. ते कोरडे होते. कोंडीबा वाचला. शिवप्पा तीन दिवस तडफडला आणि गेला. कापड एकच होते, मित्रांनो. मला अजून त्याची लाज वाटते.

गावी परतल्यावर कोंडीबाने मला पुन्हा डोक्याला लावले नाही. शिवप्पाची आई गौरम्मा अधूनमधून येई आणि माझ्यावरून हात फिरवी. पोरगा कशापायी गेला, हे तिला कोणी सांगू शकत नव्हते.

पंचवीस साली गावच्या शाळेतल्या चिंतामणी मास्तरांनी आमच्या घरी येऊन वर्तमानपत्र वाचून दाखवले. जिनीव्हा शहरी देशोदेशींच्या कारभाऱ्यांनी विषारी धूर न वापरण्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. कोंडीबा तडक गौरम्माकडे गेला.

"अव्वा, तुज्या शिवप्पासारकी पोरं मेली, तवा साहेब लोकं शानी झाली. आता कुणाच्या लेकराला असलं मरान न्हाय."

त्या दिवशी गौरम्माने दहा वर्षांनी पुरण घातले आणि गल्लीभर पोळ्या वाटल्या. पुढे ती येईल त्याला सांगे, "माज्या लेकानं त्यो धूर बंद केला."

यंदा, छत्तीस साली, मास्तर पुन्हा वर्तमानपत्र घेऊन आले. इटलीच्या विमानांनी हबशी लोकांच्या देशावर विष टाकले होते. गुरे, गुराखी, पाणवठ्यावरच्या बाया, सगळी होरपळली. इटलीनेही त्या करारावर सही केली होती. गौरम्मा तिथेच बसली होती.

"मास्तर, त्यो सहीचा कागद फाडला व्हय?"

"नाही आजी. कागद तिथंच आहे."

"मग माजा शिवप्पा कशापायी गेला रं, कोंडीबा?"

तेव्हापासून गौरम्मा इकडे फिरकली नाही. कोणी मुलाची चौकशी केली, तर ती म्हणते, "तापानं गेला."

मित्रांनो, मला कसर लागली आहे, माझे फारसे दिवस उरले नाहीत. तुम्ही पाटीवर आपले नाव गिरवता आहात. उद्या मोठे होऊन कुठल्या कागदावर ते लिहाल, तेव्हा शब्द पाळा. त्या नावावर भरवसा ठेवून एखाद्या आईने घरात पुरण घातलेले असते.