आठ दिसलेला सहा

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे. जुना म्हणजे अवघा चार वर्षांचा, पण ज्यांची निगा राहत नाही त्यांना म्हातारपण लवकर येते. बसवकल्याणहून उमरग्याकडे जाताना एक फाटा लागतो. तिथल्या थांब्यावर, चनमल्लप्पांच्या चहाच्या टपरीसमोर मला टांगले आहे. गाड्यांच्या वेळा दाखवणे हे माझे काम.

माझ्यात दिवा नाही. माझ्या काचेखाली तेलाचे लाखो बारीक थेंब आहेत आणि प्रत्येक थेंबात काळे-पांढरे कण तरंगतात. विजेने एका बाजूने ढकलले की काळे वर येतात, उलट ढकलले की पांढरे. वर आलेले कण वीज गेली तरी तिथेच राहतात, म्हणून भर उन्हातही मी छापील कागदासारखा वाचता येतो. पण आकडा बदलायचा तर मला आधी पुरता काळा आणि मग पुरता पांढरा व्हावे लागते. तेव्हाच जुने कण जागा सोडतात. थंडीत तेल जड होते, मग ढकलायलाही जास्त वेळ द्यावा लागतो.

हे मला मैत्रेयीमुळे कळले. ती इथल्याच मारोतीची मुलगी. बीदरला शिकून ती ठेकेदाराकडे कामाला लागली होती. कण किती जोराने, कुठल्या दिशेला, किती वेळ ढकलायचे, ते सारे तिनेच बसवले. मी सुरू झालो त्या दिवशी तिची आई चांगुणाबाई माझ्याखाली उभी राहून एकेक आकडा मोठ्याने वाचत होती. प्रौढांच्या वर्गात ती नुकतीच आकडे शिकली होती.

"माझ्या लेकीनं लावलाय," ती चनमल्लप्पांना म्हणाली. तेव्हा मला फार बरे वाटले होते.

पुढे एकदा तपासणीला पाहुणे आले. नेमका तेव्हाच मी काळा-पांढरा झालो. ठेकेदाराकडचे तिचे साहेब रेवणसिद्धप्पा यांचा चेहरा उतरला.

"हे कामून लुकलुकायलंय? पाहुणे विचारायलेत, नवा बोर्ड बिघडला का म्हणून."

"सर, ते लुकलुकणं न्हाई, धुणं हाय," मैत्रेयी म्हणाली. "धुतलं न्हाई तर जुना आकडा मागं राहतोय."

"जिथं बदल हाय तेवढंच बदल. बाकीचं बंद कर."

तिने लेखी कळवले, दोनदा. उत्तर आले नाही. शेवटी साहेबांनी दुसऱ्या माणसाकडून माझे धुणे बंद करून घेतले आणि मैत्रेयीला कलबुर्गीकडच्या फलकांवर पाठवले.

आता माझ्या अंगावर जुन्या वेळांच्या करड्या सावल्या साचू लागल्या. लोक म्हणत, बोर्ड मळकट झालाय. कोणी फडक्याने काचही पुसून जाई. मळ आत होता.

डिसेंबरात एका पहाटे कडाक्याची थंडी होती. तेव्हाच कार्यालयातून सोलापूरच्या थेट गाडीची नवी वेळ आली. आठ दहाऐवजी सहा दहा. माझे आकडे इंग्रजी. इंग्रजी आठातली वरची उजवी रेघ गेली की सहा होतो. तेवढीच रेघ मला पुसायची होती, पण गारठलेले कण थोडे सरकले आणि थांबले. रेघ तशीच राहिली.

रोजच्या प्रवाशांना कंडक्टरनेच नवी वेळ सांगितली होती. माझ्यावर विसंबली ती एकटी चांगुणाबाई. तिच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू होता आणि दुसऱ्या दिवशी सोलापुरात शस्त्रक्रिया ठरली होती. त्या दिवशी तिने मला नीट वाचले आणि रात्री लेकीला फोनवर वेळही सांगितली. सकाळी साडेसातला ती पिशवी घेऊन आली. गाडी केव्हाच गेली होती. उमरग्याला गाडी बदलून ती दुपारी पोचली, तोवर डॉक्टरांची त्या दिवसाची यादी संपली होती. पुढची तारीख सहा आठवड्यांनी मिळाली. त्या सहा आठवड्यांत डोळा गेला. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मैत्रेयी हे टपरीवर सांगत होती. मी ऐकत होतो.

तक्रार झाली, अहवाल लिहिला गेला: फलकात दोष नाही, वाचणाऱ्या बाईंची नजर अधू होती. साहेबांनी तो माझ्याखालीच मैत्रेयीपुढे सहीसाठी धरला.

"सर, मी माझ्या डोळ्यानं बघायलेय. आठच दिसायलंय."

"तू लेक हायस तिची. तुझं कोण ऐकतंय? सही कर."

तिने सही केली नाही. दुसऱ्या कोणी केली. तिचे काम गेले. सामान परत करण्याआधी तिने मला एकदा धुतले. काळा, पांढरा, काळा, पांढरा. आठाचा सहा झाला.

"एवढंच करायचं होतं, अण्णा," ती चनमल्लप्पांना म्हणाली आणि निघून गेली. आठवड्याभरात धुणे पुन्हा बंद झाले.

मित्रांनो, माझे काळे-पांढरे होणे क्षणभर डोळ्यांना खुपते, हे खरे. पण जी वस्तू तुम्ही लोकांच्या भरवशावर टांगता, तिला काय लागते ते ती सांभाळणाऱ्याला विचारा. तो सांगेल ते पाहुणे येण्याआधीही ऐका आणि पाहुणे गेल्यावरही.

चांगुणाबाई अजून या थांब्यावर येते. उजवा डोळा शाबूत आहे, आकडेही ती विसरलेली नाही. पण ती मान वर करत नाही.

"अण्णा, सोलापूरची कवा हाय?" ती विचारते. चनमल्लप्पा माझ्याकडे न बघता वेळ सांगतात.